जुन्या गाडीचा मागचा बंपर

जुन्या गाडीची किंमत कशी ठरते हे मला कळतं, असा माझा फार वर्षांचा समज होता. पुण्यात असताना नात्यातलं कुणीही गाडी विकायला काढली की मला बोलावणं यायचं. नाही आलं तरी मी जायचो. बॉनेटवर थाप मारायची, चाकाला हलकीशी लाथ घालायची, इंजिनाचा आवाज ऐकताना डोळे मिटायचे आणि समोरच्याने सांगितलेल्या आकड्यावर थोडा वेळ गप्प बसायचं. एवढ्या भांडवलावर माझं नाव झालं होतं. इंजिनाच्या आवाजावरून मला काय कळायचं, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर एवढंच होतं की इंजिन चालू आहे.

त्यामुळे टोकियोत, फुनाबोरीच्या आमच्या घरी जुनी गाडी देऊन दुसरी घ्यायची वेळ आली, तेव्हा हे खातं माझं आहे याबद्दल मला जराही शंका नव्हती. धाकधूक होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गाडीचा मागचा बंपर आणि डिकीचं दार एकदा चेपलं होतं. ते आम्ही दुरुस्त करून घेतलं होतं. ते कोणामुळे चेपलं, याबद्दल मी पाच वर्षं घरात खोटं बोलत आलो होतो. गाडी तपासणारा माणूस ते कुठूनतरी उकरून काढणार, अशी मला भीती होती. किमतीची काळजी मी मोठ्याने करायचो आणि ही मनातल्या मनात.

पण मुळात आम्ही गाडी का घेतली, ते आधी सांगायला हवं.

मोठा भूकंप झाला त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि बायको तीन वर्षांच्या मुलीला घेऊन घरी. ट्रेन बंद पडल्या, फोन लागेनात. मी ऑफिसचे कडक बूट घालून चार तास चाललो, अराकावा नदीचा पूल ओलांडला आणि घरी पोचलो. बायको इमारतीखालच्या बागेत बसली होती, मांडीवर रजईत गुंडाळलेली मुलगी. मुलगी मजेत होती. शेजारच्या जपानी आजींनी तिला संत्रं दिलं होतं आणि ते ती एकटीच खात होती. मी मात्र तिथे वाळूत बसून रडलो. त्याच आठवड्यात मी जाहीर केलं, की आपण गाडी घ्यायची. पुन्हा असं काही झालं तर मी तासाभरात तुमच्यापाशी असेन.

"पण त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्या तर जागच्या हलत नव्हत्या," बायको म्हणाली. "तूच सांगितलंस ना, चालणारे लोक त्यांच्या पुढे जात होते म्हणून?"

"तो अपवाद झाला."

"आणि तू रोज ट्रेनने जाणार. म्हणजे गाडी इथे आमच्यापाशी असेल आणि तू तिकडे ऑफिसात. आणायला कोण कोणाला येणार? मला तर चालवता येत नाही."

बुद्धीने बिनतोड असलेल्या प्रश्नांना मी भावनेने उत्तर देतो आणि भावना दुखावल्या की बायको गप्प बसते, असा आमचा संसार चालतो. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो. तिन्ही वेळा कारण एकच. वळताना मी आरशात बघायचो, पण बघतोय हे परीक्षकाला दिसेल अशी मान फिरवायचो नाही. चौथ्यांदा मी मान इतकी फिरवली की परीक्षकाने बहुधा दयेने पास केलं. मग जपान सोडून निघालेल्या एका परदेशी सहकाऱ्याकडून सहा वर्षं जुनी गाडी घेतली. तो घाईत होता. मी ती घाई हेरली, थाप मारली, लाथ घातली आणि स्वस्तात मिळवली. रंग पिस्त्याच्या बर्फीचा होता. टोकियोत बाकी सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्या नाहीतर काळ्या का असतात, हे कोडं मला त्या वेळी पडलं नाही.

बंपरचा प्रसंग भूकंपाच्या पुढच्या वर्षीचा, गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाचा. रविवारी सकाळी निशि-कासाईच्या भारतीय दुकानातून डाळ-तांदूळ घेऊन मी आणि मुलगी परत येत होतो. ती आता चार वर्षांची होती आणि मागे आपल्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी पक्की बांधलेली होती. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आलो, आमच्या जागेत गाडी मागे घ्यायला मी रिव्हर्स टाकला, आणि तेवढ्यात खिशातला फोन किंचाळला. भूकंप पोचायच्या काही क्षण आधी इथे सगळ्यांचे फोन एकदम ओरडायला लागतात. ज्याने तो आवाज मोठ्या भूकंपानंतरच्या आठवड्यांत ऐकलाय त्याला तो बरोबर ओळखू येतो.

मी दार उघडलं आणि पळालो. पार्किंगच्या मधोमध, जिथे डोक्यावर फक्त आभाळ होतं तिथे जाऊन, डोकं हातांनी झाकून उकिडवा बसलो. जमीन हलायची वाट बघत राहिलो. मग मागून एक बसका आवाज आला. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवरचा पाय काढला की ती आपली आपण सरकायला लागते, आणि ब्रेकवरचा पाय तर माझ्याबरोबर पळून आला होता. गाडी मागे सरकत सरकत सिमेंटच्या खांबावर जाऊन आदळली होती. दार उघडंच होतं. आत मुलगी होती.

भूकंप असा झालाच नाही. कुंडीतलं पानसुद्धा हललं नाही.

मी धावत गेलो, गाडी बंद केली, मुलीला बाहेर काढलं. तिला खरचटलंही नव्हतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्याचं काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी तांदळाची पिशवी उचलली. आवाज ऐकून बायको खाली आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. मी म्हणालो, "मी पिशवी काढायला उतरलो आणि हिने पट्टा सोडून पुढे येऊन गियर ओढला."

चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मी खापर फोडलं ते असं. बायकोने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला उचलून घेऊन "लागलं का ग तुला?" एवढंच विचारलं. मुलगी काही बोलली नाही. आपल्याला तो पट्टा सोडता येतो की नाही, हे तिलाही नक्की माहीत नसावं.

त्यानंतर खरं सांगायच्या पुष्कळ संधी आल्या. पण मधल्या काळात माझी ती गोष्ट लोकांना आवडायला लागली. गणपतीत, वाढदिवसांना, कुणाच्या घरी पावभाजीला जमलं की मला आग्रह व्हायचा, की अरे, ती लेकीने गाडी ठोकल्याची गोष्ट सांग. मी साग्रसंगीत सांगायचो. चार वर्षांची ड्रायव्हर, लायसन्स नाही, बापापेक्षा सरळ गाडी मागे घेतली, वगैरे. हशा व्हायचा. मुलगी लाजून आईच्या मागे लपायची. पुढे पुढे तिलाही ते आठवायला लागलं. एकदा ती म्हणाली, की गियरचा दांडा हाताला गार लागला होता. मी पुढची ओळ विसरलो आणि पाणी प्यायलो. त्यानंतरही गोष्ट सांगायचं काही सोडलं नाही.

अशी पाच वर्षं गेली. गाडी अकरा वर्षांची झाली आणि तिची शाकेन आली. शाकेन म्हणजे दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागणारी सक्तीची तपासणी. तिचा खर्च ऐकला की इथली माणसं गाडीच बदलतात. आम्हीही तेच ठरवलं. जुनी गाडी दुकानात द्यायची, तिची जी किंमत येईल ती नव्यात वळती करून घ्यायची.

"किती येतील?" बायकोने विचारलं.

मी डोळे मिटले. इंजिन समोर नव्हतं, पण सवय. मग मी एक आकडा सांगितला. तो कुठून आला ते मला माहीत नाही. बायकोने तो खरा धरला.

बाजारभाव काढायला मी इंटरनेटवर गेलो. गाडीचं मॉडेल, वर्ष, रंग आणि आपला फोन नंबर दिला की वेगवेगळी दुकानं भाव सांगतात, असं तिथे लिहिलं होतं. मी ऑफिसात एका मीटिंगच्या आधी ती माहिती भरून बटण दाबलं. बोट उचलायच्या आत फोन वाजला. तो बंद केला तर दुसरा, तो बंद केला तर तिसरा. फोन टेबलावर थरथरत फिरायला लागला. आमच्या साहेबांनी, ज्यांना आवाज चढवताना मी कधी पाहिलं नाही, अत्यंत अदबीने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, हो, गाडी विकतोय. ते म्हणाले, "आआ," आणि खोलीतले सगळे समजल्यासारखे मान हलवून हसले. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गाडीतल्या जाणकाराला. त्या दिवशी मी फोन ड्रॉवरमध्ये स्वेटरखाली ठेवला आणि ठरवलं, की भाव बिव नको, आमच्याच एदोगावा भागातल्या एका दुकानात गाडी घेऊन सरळ जायचं.

मला मनातून खात्री होती की आमची गाडी बघून माणूस खूश होईल. तिच्या किमतीसाठी मी पाच वर्षं तपश्चर्या केली होती. सीटांवर पुण्याहून आणलेली जाड प्लॅस्टिकची कव्हरं होती आणि ती मी एकदाही काढली नव्हती. उन्हाळ्यात मांड्या चिकटून सुटताना सालपटं निघायची, पण खालचं कापड कोरं राहत होतं. गाडी मी फारशी चालवलीच नव्हती. रविवारी निशि-कासाईला जाऊन यायचं, जिथे सायकलने दहा मिनिटांत जाता येतं. डॅशबोर्डवर गणपती होता, आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी मी एसीच्या जाळीत अगरबत्ती खोचून ओवाळायचो. माझ्या हातून कधी अपघात झाला नाही तो त्यामुळेच, असं मी म्हणायचो. तो माझ्याच हातून झाला होता, हे माहीत असलेला मी एकटाच होतो.

दुभाषी म्हणून मुलीला न्यायचं ठरलं. माझं जपानी ऑफिसातल्या इंग्रजीच्या आडोशाला वाढलेलं, बायकोचं भाजीबाजारापुरतं, आणि मुलगी चौथीत इथल्या शाळेत. घरातही ती निम्म्या वेळा जपानीतच उत्तरं द्यायची. मी तिला नेऊ नये म्हणून थोडी खटपट केली. कंटाळशील, म्हणालो. होमवर्क आहे ना, म्हणालो.

"नाही, मला यायचंच आहे," ती म्हणाली. सकाळी ती आरशासमोर उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी जपानी पाठ करत होती. दुभाष्याची तयारी चालली असेल, असं मला वाटलं आणि कौतुकही वाटलं.

दुकानातले तपासनीस पन्नाशीचे गृहस्थ होते. पांढरे हातमोजे, छोटी बॅटरी, हातात एक कागद आणि त्यावर गाडीचं चित्र. त्यांनी आम्हाला वाकून नमस्कार केला आणि मग जवळजवळ तसाच गाडीलाही केला. त्यांनी थाप मारली नाही, लाथ घातली नाही. आधी नुसतीच एक प्रदक्षिणा घातली. जिथे जिथे ते थांबले तिथे तिथे कागदावरच्या चित्रात एक खूण झाली. मग उभे राहून ते काही बोलले.

"ते म्हणतायत, खूप जपून वापरलीय," मुलगी म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. हे वाक्य इथे वाईट बातमीच्या आधी म्हणतात, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी दार उघडलं, आत डोकं घातलं आणि नाकाने एक दीर्घ श्वास घेतला. बाहेर आले तेव्हा चेहरा गंभीर होता.

"बाबा, ते विचारतायत, आत धुराचा वास येतोय. कोणी सिगारेट ओढतं का?"

"छे! सांग त्यांना, अगरबत्ती आहे. निघताना दर वेळी लावतो."

मुलीने सांगितलं. गृहस्थ एक पाऊल मागे सरकले, दोन्ही हात मांड्यांशी घेतले आणि फार हळू आवाजात काहीतरी बोलले. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"ते विचारतायत, गाडीत कोणी वारलंय का. इथे अगरबत्ती वारलेल्या माणसांसाठी लावतात ना."

बायकोला हसू आवरेना. ती तोंडावर रुमाल धरून मागे वळली, त्यामुळे गृहस्थांची खात्रीच पटली आणि त्यांनी तिच्या पाठीलाही मान लववली. गणपतीची, वाहनपूजेची हकीकत मुलीने सांगेपर्यंत पाच मिनिटं गेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गणपतीला नमस्कारही केला आणि धुराच्या वासाची खूण तशीच ठेवली. वास कशाचा, हे लिहायला कागदावर जागा नव्हती. गणपती उचलल्यावर खाली चिकटपट्टीचा चौकोन निघाला, त्याची एक खूण. एसीच्या जाळीला अगरबत्तीने पाडलेलं भोक, त्याची एक.

आता माझा हुकमाचा पत्ता. मी स्वतः पुढे होऊन सीटचं प्लॅस्टिक काढलं. कोरं कापड बघायला सगळे वाकले. पाच पावसाळे त्या प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडला होता. कापडावर काळ्या बुरशीचे ठिपके होते, सीटभर, शिवणीच्या कडेने तर रांगोळी काढल्यासारखे. गृहस्थांचं पेन बराच वेळ चाललं. गाडी फार कमी चालवल्यामुळे बॅटरी आणि टायर यांचंही भलं झालेलं नव्हतं. आणि पिस्त्याच्या बर्फीचा रंग, मुलीने भाषांतर केलं, "हा रंग आवडणारे लोक फार थोडे असतात, असं म्हणतायत."

मी पाच वर्षं जे जे किंमत वाढावी म्हणून केलं होतं ते एकेक करून वजा होत होतं. एरवी मी वाद घातला असता. पण गृहस्थ आता गाडीच्या मागे गेले होते आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

त्यांनी बंपरला बॅटरीचा उजेड तिरपा लावला. बोटांनी डिकीच्या दाराची कड चाचपली. आतला गालिचा उचलला, खाली बघितलं, पुन्हा ठेवला. मग मुलीकडे वळून एक प्रश्न विचारला. त्यातला 'दुरुस्ती' हा शब्द मला कळला.

मुलीने तो प्रश्न मराठीत केलाच नाही. ती दोन पावलं पुढे झाली, हात समोर जुळवले आणि बोलायला लागली. सकाळी आरशासमोर पाठ केलेलं ते हेच होतं. मला शब्द कळत होते तेवढे पुरेसे होते. मी. लहान होते. चार वर्षांची. गियर. आणि मग ती कमरेत पूर्ण वाकली, शाळेत शिकवतात तशी, आणि म्हणाली, "गोमेन नासाई." माफ करा.

"अग, काय करतेयस तू?" बायको म्हणाली.

"मला सॉरी म्हणायचं होतं. माझ्यामुळे गाडीचे पैसे कमी येणार ना?" ती अजून वाकलेलीच होती. मग सरळ होऊन माझ्याकडे वळली. "बाबा, माझ्यामुळे किती कमी झाले? म्हणून तर मी कधी पुढे बसत नाही. हात लागला तर?"

ती पुढच्या सीटवर बसत नाही, काही विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही, याची मी लोकांकडे बढाई मारत आलो होतो. वळण लावलंय आम्ही, असं म्हणायचो.

तपासनीस गृहस्थांनी तिला हातानेच थांब म्हटलं. आधी ते म्हणाले, की फक्त बंपर आणि दार बदललेलं आहे, गाडीचा सांगाडा शाबूत आहे, त्यामुळे याला अपघात धरत नाहीत. किमतीत काहीही फरक नाही. मुलीने ते सांगितलं आणि तिचे खांदे खाली आले. माझेही आले. सुटलो, असं मला वाटलं. आता तोंड मिटून उभं राहिलं तर हे प्रकरण गाडीबरोबरच इथून जाणार होतं.

पण ते गृहस्थ तिथे थांबले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी न जुळल्याचा भाव होता. ते जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मुलीला दाराशी बोलावलं आणि गियरचा दांडा ओढून दाखवला. दांडा हलला नाही. मग त्यांनी ब्रेक दाबला आणि ओढला. आता तो सहज आला. पुन्हा ब्रेक सोडून ओढला, पुन्हा हलला नाही. मग ब्रेककडे बोट दाखवून, दुसऱ्या हाताने जमिनीपासून एवढीशी उंची दाखवून ते तिला मायेने काहीतरी सांगत राहिले. तिची समजूत घालत होते ते, एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळून हळूहळू भाषांतर केलं. "ते म्हणतायत, ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गियर हलतच नाही. आधीपासून गाडीत तसंच असतं. चार वर्षांच्या मुलीचा पाय तिथपर्यंत पोचणारच नाही. म्हणजे, गियर ओढणारी तू नसशील, असं ते मला म्हणतायत."

पाच वर्षं मी ती गाडी चालवली होती. दर वेळी ब्रेकवर पाय ठेवूनच गियर टाकला होता. आणि एवढी साधी गोष्ट मला खोटं बोलताना सुचली नव्हती, नंतरही सुचली नव्हती. दहा-बारा घरांतल्या गाडी चालवणाऱ्या माणसांनीही माझी गोष्ट ऐकून खदाखदा हसून घेतलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

"गाडी जुनी आहे," मी म्हणालो. "ते लॉक तेव्हा बिघडलेलं असेल, सांग."

मुलीने सांगितलं. गृहस्थांनी प्रामाणिकपणे आणखी तीनदा दांडा ओढून बघितला, आणि कागदावर लिहिलं, की लॉक उत्तम स्थितीत आहे. त्या अख्ख्या कागदावर आमच्या गाडीबद्दल लिहिलेली ती एकच चांगली गोष्ट.

"मग गियर कोणी टाकला?" बायकोने विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मी."

"आणि?"

"फोन वाजला. भूकंपाचा. मी घाबरलो आणि पळालो."

"ती आत असताना?"

"हो."

मला वाटलं होतं ती खोटेपणाबद्दल बोलेल, त्याचं उत्तर मी पाच वर्षं तयार ठेवलं होतं. तिने विचारलं ते पळून जाण्याचं. मला तिथे, त्या चकचकीत दुकानात, स्वतःची इतकी लाज वाटली की मी बुरशी लागलेल्या सीटकडे बघत उभा राहिलो.

"म्हणजे मी नव्हते?" मुलगी म्हणाली.

"नाही बाळा."

"पण मला आठवतंय ना."

"मी इतक्या वेळा सांगितलं म्हणून आठवतंय. तू पट्ट्यात होतीस. तू काहीच केलं नव्हतंस."

ती विचार करत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब न लागल्यासारखं काहीतरी होतं. मग तिने तपासनीस गृहस्थांकडे बघितलं. ते कागद हातात धरून अदबीने वाट बघत होते. कुटुंब भांडतंय की देवाचं काही चाललंय, हे त्यांना कळत नसावं.

"मी त्यांना खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"मग आता खरं सांग त्यांना. सांग, की..."

"तूच सांग."

"मला एवढं जपानी कुठे येतं?"

"येतं तेवढ्यात सांग."

मग मी सांगितलं. क्रियापदं चुकली असतील, अदबीची रूपं तर नक्कीच चुकली. मुलगी नाही, म्हणालो. मी. फोन, भूकंप. मी बाहेर, मुलगी गाडीत. शेवटचा शब्द मला येत होता, कारण भूकंपाच्या सरावात तो दर वर्षी शिकवतात. निगेमाशिता. पळालो. आणि मी वाकलो. कोणासमोर वाकलो ते नीट कळत नव्हतं, पण वाकलो.

गृहस्थांनी कागद गाडीच्या टपावर ठेवला, हातमोजे काढून खिशात घातले आणि मुलीसमोर एक गुडघा टेकून बसले. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. कोवाकात्ता? भीती वाटली होती का तुला? एवढं जपानी मला येतं.

मुलीने मान हलवली. हो.

आणि ती बोलायला लागली. सलग, जपानीत, माझ्याकडे पाठ करून. तिने हाताने उघडं दार दाखवलं. पट्टा छातीशी कसा होता ते दाखवलं. मागे वळून काचेतून काय दिसत होतं ते दाखवलं, खांब जवळ येत होता ते दोन तळव्यांनी दाखवलं. बायको तिच्या मागे जाऊन उभी राहिली होती. मला अधूनमधून एखादाच शब्द लागायचा आणि पुढच्या दहा शब्दांत तो हरवून जायचा. गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"काय सांगतेयस ग?" मी विचारलं.

"थांब ना बाबा," ती वळून न बघता म्हणाली. "त्यांना सांगतेय."

मी थांबलो.